तांबोळी मॅडमचे पेपर

"वीर्य म्हणा."

नोकरीसाठी आलेल्या बाईला विचारलेला हा पहिला प्रश्न. मांडीवर सर्टिफिकेटांची फाईल घेऊन मी समोरच्या खुर्चीत बसले होते. वय छत्तीस, दोन मुलं, रक्त-लघवी तपासायच्या लॅबमधला बारा वर्षांचा अनुभव. कन्हेरीहून स्कूटीवर येताना मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं घोकून आले होते. हे त्यात नव्हतं.

"वीर्य," मी म्हणाले.

"मला ऐकू आलं नाही."

"वीर्य."

"अजून मोठ्यानं. खाली औषधाच्या दुकानापुढं निळ्या शर्टाचा माणूस उभा आहे ना, त्याला ऐकू गेलं पाहिजे."

मी खिडकीतून खाली पाहिलं. माणूस खरंच उभा होता. श्वास घेतला आणि ओरडले. त्यानं दचकून वर पाहिलं, मग इकडं तिकडं पाहिलं आणि घाईघाईनं मोटारसायकलला किक मारली. मॅडम टेबलावर हात आपटून हसायला लागल्या. मीही हसले. हसणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "उद्यापासून या. यंत्रं कशी चालवायची ते शिकवता येतं. आपण हा शब्द कुजबुजत म्हटला, तर समोरचा माणूस मान वर करत नाही. लाज आपणच त्याच्या हातात देतो."

दुसऱ्या दिवसापासून मी "तू" झाले, आणि पुढची नऊ वर्षं डॉ. जुलेखा तांबोळींच्या हाताखाली काढली.

बारामतीतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांची आमची लॅब. मॅडम औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. संशोधन करून डॉक्टर झालेल्या. पुरुषांचं वंध्यत्व हा त्यांचा विषय. मूळ गाव निमगाव केतकी. अब्बांचा पानमळा होता. मुंबईत पंधरा-सोळा वर्षं नावाजलेल्या प्रयोगशाळेत काम करून त्या परत आल्या, आणि का आलात असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "मुंबईत माझे पेशंट मला नंबरानं ठाऊक होते. इथं ते मला बाजारात भेटतात."

आणि भेटायचे खरंच. फरक इतकाच की भेटणारा माणूस भाजीच्या ढिगाकडं बघत बोलायचा.

बुटक्या, गोलसर, सुती साडीवर पांढरा कोट आणि पायात कायम पळायचे बूट. उजव्या हाताच्या अंगठ्याला एक खोड होती. शुक्राणू मोजताना हातात खटका दाबायचं छोटं यंत्र असतं, एक दिसला की एक खटका. इतकी वर्षं मोजून मोजून तो अंगठा रिकाम्या हातातसुद्धा हलायचा. रस्त्यानं चालताना, फोनवर बोलताना, एकदा तर माझ्या नणंदेच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना. मी विचारलं, "काय मोजताय?" म्हणाल्या, "फेटे."

लॅबच्या दाराला आतून एक लांबलचक कागद चिकटवलेला होता. मॅडमच्या प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांची यादी. रुग्णालयाच्या वेबसाईटवर तीच यादी इंग्रजीत होती. एकेक नाव तीन ओळींचं, वाचताना धाप लागावी असं. पण दाराच्या कागदावर प्रत्येक नावाखाली त्यांनी निळ्या पेनानं मराठीत आपल्यापुरतं लिहून ठेवलेलं. "ट्रॅक्टरवाले: बसून बसून." "फवारणी करणारे: तोंडाला फडकं बांधा." "तंबाखू: एकही जण खरं बोलला नाही." "मोबाईल खिशात: काहीच सापडलं नाही."

या शेवटच्यावर त्यांचा विशेष जीव. दोन मासिकांनी तो परत पाठवला होता, कारण काहीच न सापडलेला पेपर कोण छापणार? मॅडम मात्र हट्टाला पेटल्या. "वैशाली, आपण एवढं खोदलं आणि पाणी लागलं नाही, हे शेजाऱ्याला सांगायला नको? तो पुन्हा तिथंच खोदेल ना!" तिसऱ्या मासिकानं छापला, त्या दिवशी त्यांनी अख्ख्या मजल्याला भेळ खाऊ घातली.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम सुरू झालं ते अंथुर्ण्याच्या एका तात्यांमुळं. खरं नाव सांगत नाही. सत्तरीचे, पांढरी टोपी, करडा आवाज. बरोबर मुलगा आणि सून. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सुनेच्या तपासण्यांची फाईल दोन हातांनी धरावी लागेल एवढी. मुलाच्या नावाचा एकही कागद नाही. खालच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून मुलाला आमच्याकडं पाठवलं, तर त्याच्याआधी तात्याच आत आले.

"बाई, आमच्या घराण्यात असलं काय न्हाय. पोरगं धडधाकट हाय. दोन पोती एकदम उचलतंय. ह्येला कशाला तपासायचं?"

मॅडमनी त्यांना बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तात्या, ऊस किती?"

"चार एकर."

"लावताना बेणं बघून घेता?"

"म्हंजी? न बघून चालंल व्हय? डोळा बघतो, कीड बघतो. बेणं खराब आसलं तर सगळं रान वाया."

"आणि माती?"

"तीबी तपासायला धाडतो की."

"मग सहा वर्षं तुम्ही नुसती मातीच तपासताय. बेणं कधी बघितलं?"

तात्यांचं तोंड अर्धं उघडं राहिलेलं. दारात उभ्या सुनेनं पदर तोंडावर धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, बिचारी रडतेय. जवळ गेले तर ती हसत होती. सहा वर्षांचं साठलेलं हसू, डोळ्यांतून पाणी वाहात होतं. तात्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा मॅडमकडं, आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बोलता तर खरं, बाई," ते हळूच म्हणाले. "घ्या तपासून."

तपासलं. मॅडमनी मुलाला एकट्याला आत बोलावून पडद्यावर दाखवलं. जिथं मुंगळ्यांसारखी गर्दी दिसायला हवी तिथं तुरळक काही ठिपके, तेही सुस्त. त्यानं पडद्याला बोट लावून ते ठिपके मोजले. मग खाली मान घालून म्हणाला, "म्हंजी मी बाप्या न्हाय व्हय?"

"ताप आला की तू काय विचारतोस? ताप कधी उतरंल, असंच ना? का मी माणूस राहिलो का, असं विचारतोस?" मॅडम म्हणाल्या. "काम काय करतोस?"

"गुऱ्हाळावर. चुलाणात चिपाडं सारतो."

मॅडमचा अंगठा थांबला. गूळ शिजवायच्या काहिलीखालची ती मोठी भट्टी, रस काढलेल्या उसाची वाळकी चिपाडं सारत तिच्या तोंडाशी हा माणूस पहाटेपासून दुपारपर्यंत उकिडवा बसतो, वर्षातले कितीतरी महिने. पुरुषाच्या शरीरात वृषण ही एकच गोष्ट निसर्गानं बाहेर, थंडाव्याला ठेवलीय, आणि हा तीच आगीपुढं धरून बसला होता. "किती वर्षं?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "धा." लग्नाच्याही आधीपासून.

डॉक्टरांनी औषधं दिली, मॅडमनी चुलाण सोडायला लावलं. तो ऊसतोडीकडं लागला. दीड वर्षानं तात्या गुळाची एक अख्खी ढेप खांद्यावर घेऊन दोन जिने चढून आले. नात झाली होती. "बाई, बेणं सुधारलं," एवढंच बोलले आणि धापा टाकत बसून राहिले. औषधानं झालं, का चुलाण सुटल्यानं, का दोन्हीनं? मॅडमनी कुठलाच दावा केला नाही. "एका माणसावरून काही ठरत नाही," त्या म्हणाल्या. "गुऱ्हाळावर चल."

असं ते काम सुरू झालं. आम्ही दोघी अंथुर्ण्याच्या बाजूच्या गुऱ्हाळांवर जायला लागलो. चुलाणाशी काम करणारे गडी, आणि तुलनेसाठी त्याच गावातले उघड्या रानात काम करणारे गडी. दोघांचेही नमुने हंगाम सुरू होता होता आणि संपता संपता घ्यायचे. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात, एका काळ्याकुट्ट मिशीवाल्या माणसापुढं बाईनं छोटी डबी धरायची आणि ती कशासाठी आहे ते सांगायचं! पहिल्या दिवशी सगळे गडी उसाच्या मोळ्यांमागं गेले ते आलेच नाहीत. शेवटी तिथले गुळवे पुढं आले. रस कधी शिजला, काहील कधी उतरवायची, हे ज्याच्या नजरेवर ठरतं तो गुळव्या. गुऱ्हाळावर त्यांचा शब्द शेवटचा. बाबूराव नावाचे, पन्नाशीचे, तीन मुलांचे बाप.

"बाई, ह्ये पेपरात येणार का?"

"येणार की."

"मग पयलं माझं घ्या," बाबूराव म्हणाले आणि सगळ्यांकडं बघून ओरडले, "ए, पेपरात येणार हाय!"

त्यानंतर कुणी मागं हटलं नाही. आम्ही आपल्या खूश, की विज्ञानाबद्दल केवढी ही आस्था. दीड-दोन महिन्यांनी गेलो तर गुऱ्हाळाच्या छपरात वर्तमानपत्रांची ही एवढी चवड. बाबूराव रोज एक विकत घेत होते आणि शेवटच्या पानापर्यंत धुंडाळत होते. रागावून म्हणाले, "अजून कसं न्हाय आलं? शेजारच्या गावच्या बैलाचा फोटू आला, आमचं न्हाय!"

मॅडम आधी गोंधळल्या. मग लक्षात आलं तशा उसाच्या ढिगावरच बसल्या आणि इतक्या हसल्या की चष्मा पडला. नंतर मात्र त्यांनी सगळ्यांना गोळा करून नीट समजावलं. आपला पेपर तो वेगळा, तो जगभरच्या डॉक्टरांच्या मासिकात येतो, आणि त्यात कुणाचंच नाव नसतं.

"नाव न्हाय?" बाबूराव हिरमुसले.

"नाव छापलं तर बाबूरावांचं काय-काय मोजलं ते निमगावच्या बाजारात सगळ्यांना कळेल."

बाबूरावांनी आजूबाजूच्या गड्यांकडं पाहिलं. "मग नकोच," ते म्हणाले.

दोन हंगामांनी पेपर छापून आला. मॅडम त्याची प्रत घेऊन गुऱ्हाळावर गेल्या आणि उभं राहून, वाक्यावाक्याला थांबून, सगळा मराठीत सांगितला. चुलाणाशी बसणाऱ्यांचे शुक्राणू संख्येनं कमी होतात, आणि त्यांची हालचालही फार मंदावते. शेवटी आभाराची ओळ होती: गुऱ्हाळांवरच्या सर्व कामगारांचे, ज्यांच्या धीटपणाशिवाय हे झालं नसतं. ती त्यांनी दोनदा वाचली. एकानं मागून विचारलं, "धीटपणा म्हंजी आमीच ना?"

तो पेपर फार गाजला. परदेशातून पत्रं यायला लागली. आमच्या दोन खोल्यांना मान्यताप्राप्त संशोधन केंद्राचा दर्जा द्यावा, असा प्रस्ताव रुग्णालयानं पुण्याला पाठवला आणि समितीनं मॅडमना भेटीला बोलावलं. दर्जा मिळाला असता तर नवी यंत्रं, दोन माणसं, मॅडमच्या हाताखाली शिकणारे विद्यार्थी. त्यांचं जुनं स्वप्न होतं ते.

भेटीला दहा दिवस असताना यंत्रदुरुस्तीचा माणूस आला. सूक्ष्मदर्शकावर एक गरम पट्टी असते. नमुन्याची काच तिच्यावर ठेवायची, म्हणजे शुक्राणूंना अंगातल्याइतकीच ऊब मिळते आणि त्यांची खरी हालचाल दिसते. त्या माणसानं आपला थर्मामीटर पट्टीला लावला आणि सहज म्हणाला, "मॅडम, आकडा बरोबर दाखवतेय, पण आतून जास्त तापतेय ही."

मी वही काढली. ती पट्टी दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर दुरुस्त होऊन आली होती. म्हणजे दुसरा अख्खा हंगाम, चुलाणावरच्या गड्यांचे बहुतेक सगळे नमुने, आम्ही जास्त तापलेल्या पट्टीवर ठेवून पाहिले होते. रानातल्या गड्यांचे बरेचसे पहिल्याच हंगामात, पट्टी चांगली असताना झाले होते. संख्या चुकायचं कारण नव्हतं. पण हालचालीचे आकडे? ते गडी मंद होते, का आमच्या पट्टीनं मंद केले होते?

मॅडम स्टुलावर बसून राहिल्या. जेवणाचा डबा तसाच. मला त्यांच्याकडं बघवेना. तासाभरानं त्या म्हणाल्या, "वैशाली, आपण उष्णतेवर पेपर लिहिला, आणि आपणच त्यांना भाजून काढलं." आणि हसायला लागल्या; पण या वेळी हसता हसता डोळे पुसत होत्या.

रुग्णालयाचे मोठे सर भला माणूस. दार लावून म्हणाले, "मॅडम, दहाच दिवस थांबा. समिती होऊ द्या, मग कळवा मासिकाला. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना सर. आणि वैशालीला. दोन बायकांना कळलं म्हणजे बारामतीला कळलंच."

दुपारीच त्यांनी पत्र सांगितलं, मी टाईप केलं. आमच्या पेपरातली हालचालीची मोजणी विश्वासार्ह नाही. चूक आमची आहे. ती पुन्हा करेपर्यंत कुणी तिच्यावर विसंबू नये. पाठवायचं बटण दाबताना माझं बोट थबकलं. मॅडमनी ते वरून दाबलं.

पुण्याला मी फायली घेऊन बरोबर गेले होते. समितीत पाच जण. त्यांनी विचारलं, तुमचं सर्वांत महत्त्वाचं प्रकाशन कोणतं? मॅडमनी ते पत्र पुढं ठेवलं. पाचही जणांनी आळीपाळीनं वाचलं. टक्कल पडलेले एक वयस्कर गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "हे तुम्हाला कुणी लिहायला लावलं?"

"गरम पट्टीनं," मॅडम म्हणाल्या.

दर्जा मिळाला नाही. मोजणी पुन्हा करा, मग या, असं सांगितलं. परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. मॅडम भाजक्या शेंगा सोलत होत्या. "अगं, पुन्हा करा म्हणाले. करू नका नाही म्हणाले," त्यांनी माझ्या ओंजळीत दाणे ओतले. "शेंगा चांगल्या आहेत, खा."

मला खरी भीती होती गुऱ्हाळाची. त्या माणसांना कुठल्या तोंडानं सांगायचं, की तुमचे दोन हंगाम वाया गेले, पुन्हा डब्या हातात घ्या? मॅडमनी काही न लपवता सांगितलं. बाबूराव ऐकत होते, एक डोळा काहिलीवर.

"म्हंजी तुमचाबी पाक बिघडला व्हय?"

"बिघडला, बाबूराव."

"मग त्यात काय एवढं! काहील धुवायची आन् पुन्ना रस वतायचा." आणि गड्यांकडं वळून, "चला रं, डब्या घ्या."

पुढच्या हंगामात सगळं नव्यानं केलं. पट्टीचं तापमान मी दर सकाळी तीन थर्मामीटरनी तपासायची. निकाल आला: संख्या घटते हे पक्कं, हालचालही मंदावते, पण आधी म्हटलं होतं त्यापेक्षा बरीच कमी. मॅडमना कोण आनंद! स्वतःचा दावा लहान झाला म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्याच सुमारास त्या भागातल्या तीन गुऱ्हाळांनी चुलाणाच्या तोंडाशी एकाच माणसाला न बसवता पाळ्या लावल्या. बाबूरावांनी ते स्वतःच ठरवलं होतं. पुढच्या वर्षी समितीतले ते टक्कलवाले गृहस्थ लॅब बघायला आले, गरम पट्टीवर स्वतः बोट ठेवून पाहिलं, आणि महिन्याभरात दर्जाचं पत्र आलं.

दाराच्या यादीत मॅडमनी ते चूक कबूल करणारं पत्र सगळ्यात वर लिहिलं, लाल पेनानं: "आमची पट्टी तापली होती." शिकायला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आधी तेच वाचायला लावायच्या.

दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या आणि निमगावला अम्मींजवळ राहायला गेल्या. समारंभ नको म्हणाल्या. भेळ मात्र झाली.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडं गेले, ते एका कामासाठी. मी स्वतः एक पेपर लिहिला होता. माझा पहिला. चुलाण सोडल्यावर किती महिन्यांनी गडी पूर्ववत होतो, यावर. मॅडम पानमळ्याच्या कडेला बाजेवर बसल्या होत्या, शेजारी अम्मी. ऐंशी ओलांडलेल्या, बारीक, पानांच्या देठांची कामं अजून हातानं करणाऱ्या. मॅडमनी माझे कागद घेतले, पण उघडले नाहीत.

"मला नको. अम्मीला सांग."

मी सांगायला लागले. चुलाण, उष्णता, गडी, महिने. अम्मी पानं जुळवता जुळवता ऐकत होत्या. मधे एकदा "बरं" म्हणाल्या. माझं संपल्यावर त्यांनी पानांची चवड ओल्या फडक्यात गुंडाळली आणि विचारलं, "आन् चिपाडं वाळवणाऱ्या बायांचं? त्याबी तितंच आस्त्यात की दिसभर. आन् घरी येऊन पुन्ना चुलीम्होरं. त्यांचं काय हुतंय?"

मी मॅडमकडं पाहिलं. मॅडम अम्मींकडं बघत होत्या.

"त्यांचं आम्ही बघितलं नाही, अम्मी," त्या म्हणाल्या.

"का?"

मॅडम उठल्या, बाजेखालच्या चपला शोधल्या, एकच सापडली, ती तशीच घालून बांधावर गेल्या. फोन लागेना म्हणून थोडं पुढं, मग अजून पुढं. वेलांच्या रांगेपलीकडून त्यांचा आवाज ऐकू येत होता, उन्हाइतका लख्ख: "हॅलो, बाबूराव? मी तांबोळी. तुमच्याकडं चिपाडावर बाया किती? नाही, गडी नाहीत, बाया, बाया!"

मी बराच वेळ थांबले. अम्मींनी मला पानं बांधून दिली. मग स्कूटी काढली, रस्त्याला लागताना वळून हात केला. मॅडम बांधावर एका चपलेवर उभ्या राहून बोलत होत्या, दुसरा हात हवेत काहीतरी मांडत होता. मला निरोप द्यायचं त्या पार विसरल्या होत्या.